पंखातून डोके बाहेर
एका लढाऊ विमानाच्या छोट्या प्रतिकृतीची बांधणी

लहानपणी दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या ओसरीवर आकाशकंदील बनत असे. बांबूच्या कामट्या सोलायच्या, दोऱ्याने सांधे बांधायचे, सांगाडा चारी बाजूंनी सारखा आला आहे की नाही ते डोळ्यासमोर धरून पाहायचे आणि मग खळ लावून पतंगाचा कागद चिकटवायचा. कागद वाळता वाळता ताणला जाई आणि तोवर डुगडुगणारा सांगाडा ताठ होई. पहिल्या महायुद्धातली विमाने कशी बांधत, असे कोणी विचारले की मी याच कंदिलापासून सुरुवात करतो. कामटीच्या जागी स्प्रूस आणि ॲश ही लाकडे, कागदाच्या जागी लिननचे कापड, खळीच्या जागी डोप नावाचे सेल्युलोजचे रोगण, आणि दोऱ्याच्या जागी पोलादी तारा. तत्त्व मात्र तेच: हलका सांगाडा, त्यावर ताणलेले आवरण.

विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, दुकानातून प्लास्टिकच्या तयार सुट्या भागांचा संच आणून जोडणे. दुसरा, काहीही तयार न घेता नकाशे, छायाचित्रे, लाकूड, पितळ आणि कागद यांतून प्रत्येक भाग स्वतः घडवणे. या दुसऱ्या प्रकाराला या छंदातले लोक ‘स्क्रॅच बिल्डिंग’ म्हणतात. पहिल्या मार्गाने गेल्यास विमान कसे दिसत होते ते कळते. दुसऱ्या मार्गाने गेल्यास ते तसे का होते हे विचारावेच लागते, कारण उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा तुकडा कापताच येत नाही. या लेखात मी अशाच एका बांधणीची हकीकत सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, आणि त्या चुकीनेच मला हे विमान खरे समजले.

विमानाची निवड

विमान होते ‘सॉपविथ डॉल्फिन’. लंडनजवळच्या किंग्स्टन येथील सॉपविथ कंपनीत हर्बर्ट स्मिथ यांनी त्याचा आराखडा केला. पहिला नमुना मे १९१७ मध्ये उडाला आणि १९१८ च्या सुरुवातीला ही विमाने फ्रान्समधल्या आघाडीवर पोहोचली. एकूण दोन हजारांहून अधिक डॉल्फिन बांधली गेली. पण त्याच कंपनीच्या ‘कॅमल’ला जी कीर्ती मिळाली ती याच्या वाट्याला आली नाही.

मी ते निवडले त्याची कारणे दोन. पहिले कारण त्याचे रूप. दोन पंख एकावर एक असलेल्या त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांत वरचा पंख खालच्या पंखापेक्षा थोडा पुढे असे. डॉल्फिनमध्ये नेमके उलटे आहे: वरचा पंख मागे आणि खालचा पुढे. शिवाय वरच्या पंखाच्या मध्यभागी, जिथे एरवी कापड असायचे, तिथे पोलादी नळ्यांची उघडी चौकट आहे आणि वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून वर येते.

दुसरे कारण एक नाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांत चौघांची नावे प्रामुख्याने घेतली जातात: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरल चंदर सेन आणि श्रीकृष्ण वेलिणकर. वेलिणकर मुंबईचे. केम्ब्रिजला शिकलेले. त्यांची नेमणूक २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली, आणि ही तुकडी डॉल्फिन उडवत होती. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिणकर परत आले नाहीत. ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समध्ये हँगार्ड या गावाच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. इंद्रलाल रॉय यांच्याविषयी आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले आहे. मुंबईच्या या माणसाविषयी मराठीत मी फारसे वाचले नव्हते. हा माणूस ज्या जागी बसत होता ती जागा आपल्या हातांनी करून पाहावी, इतकीच माझी इच्छा होती.

प्रमाण आणि मापे

मी १:२४ हे प्रमाण घेतले. त्याचा फायदा असा की त्या काळचे इंग्लिश नकाशे फूट-इंचांत आहेत आणि या प्रमाणात खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे मॉडेलवरचा अर्धा इंच. डॉल्फिनच्या पंखांचा एकूण विस्तार ३२ फूट ६ इंच. म्हणजे मॉडेलवर सव्वासोळा इंच, सुमारे ४१.३ सेंटीमीटर. लांबी २२ फूट ३ इंच, मॉडेलवर २८.३ सेंटीमीटर. उंची ८ फूट ६ इंच; मॉडेलवर १०.८ सेंटीमीटर. दोन वह्या शेजारी ठेवाव्यात एवढी जागा हे विमान व्यापते.

प्रमाण ठरले की साहित्यही त्यावरून ठरते. हे नवशिक्याला लवकर लक्षात येत नाही. खऱ्या विमानावर लिनन होते म्हणून मॉडेलवर लिनन लावले, तर त्यातला पाव मिलिमीटरचा धागा १:२४ प्रमाणात सहा मिलिमीटर जाडीचा दोर होतो आणि पंख गोणपाटात गुंडाळल्यासारखा दिसतो. म्हणून कापडाच्या जागी अतिशय पातळ टिश्यू कागद. लाकडाचेही तसेच. सागाचे रेषे सुंदर असतात, पण लहान तुकड्यावर ते अवाढव्य वाटतात. तिथे जवळजवळ रेषाच न दिसणारे लाकूड लागते. बारीक काठ्यांसाठी मला अखेर बांबूच उत्तम वाटला. सोनार भोके असलेल्या ज्या पोलादी पट्टीतून तार ओढतात, तशाच पट्टीतून बांबूची काडी एकेक भोक लहान करत ओढली की एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, सरळ आणि चिवट काठी मिळते.

पंखाच्या बरगड्या एकसारख्या यायला हव्यात. त्यासाठी पितळी पत्र्याचे दोन साचे कापायचे, त्यांच्यामध्ये पातळ प्लायवूडच्या पट्ट्यांची थप्पी दाबून धरायची आणि सगळी थप्पी एकदम कानशीने घासायची. साचे काढून घेतले की सगळ्या बरगड्या जुळ्या भावंडांसारख्या निघतात. मग त्या दोन लांब तुळयांवर ओवायच्या. पुढची तुळई आणि मागची तुळई हाच पंखाचा कणा. बरगड्या फक्त आकार देतात.

मी विमानाची डावी बाजू उघडी ठेवायची आणि उजव्या बाजूला आवरण घालायचे असे ठरवले. एका बाजूने विमान दिसावे, दुसऱ्या बाजूने त्याची रचना.

तारांचे काम

दोन पंखी विमानाकडे पाहताना तारांचे जाळे गोंधळात टाकते, पण त्याचे व्याकरण सोपे आहे. रेल्वेच्या लोखंडी पुलाची बाजू आठवा: वर एक तुळई, खाली एक तुळई, मध्ये उभे खांब आणि तिरप्या कांबी. विमानात वरचा पंख म्हणजे वरची तुळई, खालचा पंख म्हणजे खालची, त्यांच्यामधले लाकडी टेकू म्हणजे खांब आणि तारा म्हणजे तिरप्या कांबी. डॉल्फिनला प्रत्येक बाजूला टेकूंच्या दोन जोड्या आहेत.

तिरप्या तारांचे मुख्य प्रकार दोन. धडाजवळ खालून निघून बाहेर वर जाणाऱ्या तारा विमान हवेत असताना पंखांना वर मुडपू देत नाहीत. हवेत विमानाचा भार त्या पेलतात. वरच्या मध्यापासून निघून बाहेर खाली जाणाऱ्या तारा जमिनीवर असताना पंख खाली लोंबू देत नाहीत. हवेत एक जोडी ताणलेली, जमिनीवर दुसरी. मॉडेलमध्ये दोन्ही जोड्या सारख्याच ताठ दिसाव्या लागतात. एकीला सैल सोडले की विमान आजारी दिसते.

१९१८ सालच्या ब्रिटिश विमानांत या तारा गोल नसत. गोल तार हवेला फार अडवते. म्हणून फार्नबरोच्या सरकारी कारखान्यात मसुराच्या डाळीसारखा चपटा छेद असलेली तार विकसित झाली होती. मी बारीक धातूची तार दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये दाबून चपटी केली. तिची रुंदी पाव मिलिमीटर. लावताना तिची धार समोरच्या वाऱ्याकडे यायला हवी. एवढ्या बारीक तारेत ते कोणाला दिसणार, असे वाटेल. पण उजेड पडला की चपटी तार चमकून विझते आणि गोल तार सतत चमकत राहते. फरक डोळ्याला कळतो, कारण सांगता येत नाही.

आवरणाबाबत एक गैरसमज मॉडेल बनवणाऱ्यांत फार रुजलेला आहे. कापडाचे विमान म्हणजे दोन बरगड्यांमध्ये कापड खोल झोळीसारखे दबलेले असणार, असे समजून अनेक जण पंखांवर खड्डे दाखवतात. खऱ्या पंखावर डोप चढवले की लिनन आक्रसून तबल्याच्या पुडीसारखे ताणले जाई. बरगड्या जाणवत, पण अगदी हलक्या. टिश्यूवर पाण्याचा बारीक फवारा मारला की वाळताना तोही असाच आवळतो. मग त्यावर पातळ डोप. कंदिलाचा कागद नेमके हेच करत होता.

वरच्या बाजूंना त्या काळी खाकी-तपकिरी छटेचे रंगीत डोप लावत, कारण उन्हाने लिनन कुजते आणि तो रंग ऊन अडवतो. खालची बाजू साध्या पारदर्शक डोपची, जुन्या दुधी कापडासारखी. मॉडेलवर खरा गडद रंग जसाच्या तसा लावला तर तो अधिकच काळपट दिसतो. लांबून पाहिलेली वस्तू फिकट दिसते, आणि लहान मॉडेल म्हणजे एका अर्थी लांबून पाहिलेले विमानच. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो.

दोन मिलिमीटर

आता माझ्या चुकीविषयी.

माझ्याजवळचा नकाशा म्हणजे एका छापील नकाशाची मोठी करून घेतलेली झेरॉक्स होती. ती हाती आल्यावर मी लांबी मोजली, पंखांचा विस्तार मोजला, दोन्ही बरोबर. समाधानाने कामाला लागलो. धड मी लिहून ठेवलेल्या मापांवरून बांधले. वरच्या पंखाची मधली चौकट पितळी नळीची, सांधे डाखाचे; तिची उंची मात्र नकाशावर जमिनीच्या रेषेपासून पट्टी लावून घेतली. चौकट धडावर बसवली, तिला डावा-उजवा पंख जोडला, टेकू लावले, तारा ओढल्या. या सगळ्याला अकरा महिने लागले.

शेवटी वैमानिकाची मूर्ती केली. बसलेल्या माणसाचे डोळे आसनापासून सुमारे ८० सेंटीमीटरवर असतात. मॉडेलवर ३३ मिलिमीटर. मूर्ती आसनावर ठेवली आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तिच्या डोळ्यांच्या रेषेत पाहिले. वैमानिकाच्या नजरेसमोर आडवा आला होता तो वरच्या पंखाचा कणा.

आधी वाटले मूर्ती चुकली. ती पुन्हा मोजली, बरोबर होती. मग संपूर्ण विमानाची उंची मोजली. १०८ मिलिमीटर हवी होती, ११० भरली. झेरॉक्स यंत्राने कागद आडवा बरोबर छापला होता, उभा मात्र शंभराला दोन या हिशेबाने ताणला होता. मी आडवी मापे तपासली आणि उभे माप तपासायचेच राहिले.

दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानात जवळजवळ पाच सेंटीमीटर. ऐकायला ते किरकोळ वाटते. पण या विमानाचा सगळा आराखडा याच अंतराभोवती रचलेला आहे. वरचा पंख हा वैमानिकाचा जुना शत्रू. तो डोक्याच्या वर असतो, वरून आणि पुढून येणारे शत्रूचे विमान तो झाकतो. स्मिथ यांनी पंख इतका खाली आणला की वैमानिकाचे डोके त्यातून वर निघाले आणि वरचे सगळे आकाश मोकळे झाले. पंख वैमानिकाच्या डोक्याभोवती आला म्हणजे तो मागे आला. मग विमानाचा तोल सांभाळायला खालचा पंख पुढे न्यावा लागला, १३ इंच. मॉडेलवर पावणेचौदा मिलिमीटर. विमानाचे ते उलटे रूप ही लहर नव्हती. एका माणसाच्या नजरेसाठी दिलेली ती किंमत होती. माझ्या मॉडेलमध्ये किंमत पूर्ण मोजली गेली होती आणि नजर मात्र मिळाली नव्हती.

सोपा उपाय होता. मूर्तीखाली दोन मिलिमीटरची चकती ठेवली असती तर काम भागले असते. पत्नीही म्हणाली, “अहो, दोन मिलिमीटर कोण मोजायला येणार आहे?” तिचे म्हणणे खरे होते. चार दिवस मी ते विमान कपाटावर ठेवून त्याच्याकडे पाहणे टाळले. पाचव्या दिवशी तारा कापल्या. पंख सोडवले, चौकट तापवून डाख वितळवला आणि नवी चौकट केली. पुन्हा त्या जागेपर्यंत यायला पाच महिने गेले. दोन बरगड्या आणि एक टेकू यात मोडले, तेही नव्याने केले.

चौकटीतला माणूस

नवी चौकट बसल्यावर मूर्ती पुन्हा ठेवली. डोळे पंखाच्या वर आले. आणि आता नजर मिळाल्यावर तिची दुसरी बाजूही दिसली.

त्या काळची विमाने शेपटी जमिनीला टेकवून उभी राहत. ओबडधोबड मैदानावर उतरताना चाक खड्ड्यात अडकले की नाक खाली, शेपटी वर आणि विमान उलटे, हा अपघात नेहमीचा. इतर विमानांत अशा वेळी वरचा पंख आधी जमिनीला लागे आणि वैमानिक त्याच्या आडोशाला असे. डॉल्फिनमध्ये पंखाच्याही वर वैमानिकाचे डोके. माझ्या मॉडेलला मी हातात उलटे धरून टेबलावर टेकवून पाहिले. आधी काय टेकते ते लिहायची गरज नाही. वैमानिकांना ही भीती पहिल्यापासून होती. सुरुवातीच्या काही डॉल्फिनवर कॉकपिटच्या वर पोलादी कमानी बसवल्या गेल्या. आघाडीवरच्या विमानांवर त्या फारशा राहिल्या नाहीत, शिकाऊंच्या विमानांवर अधिक टिकल्या.

कॉकपिट बांधताना आणखी काही गोष्टी हाताला कळल्या. वैमानिकासमोर दोन व्हिकर्स मशिनगन, आणि चौकटीच्या पुढच्या नळीवर वर रोखलेल्या लुईस गन. या लुईस गन चौकटीवर बसवून पाहिल्या तेव्हा त्यांची मागची टोके मूर्तीच्या तोंडाशी आली. प्रत्यक्षातही त्या हेलकावून वैमानिकांच्या चेहऱ्यावर आदळत. त्यामुळे अनेकांनी त्यातली एक किंवा दोन्ही काढून टाकल्या. पाण्याने थंड होणारे हिस्पानो-सुइझा इंजिन पुढे, आणि त्याचे रेडिएटर धडाच्या दोन्ही बाजूंना. त्यांच्याकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या कॉकपिटच्या भिंतीलगत गेल्या आहेत. त्या बसवताना लक्षात आले की उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत इथे ऊब असणार. वैमानिकांच्या आठवणीही तेच सांगतात. आसनामागे लगेच पेट्रोलच्या टाक्या. आणि मूर्तीच्या डोळ्यांनी पुढे पाहिले तर विमानाचे नाक दिसत नाही. क्षितिजावर नाक धरून विमान सरळ ठेवायचे शिकलेल्या नवख्यांना डॉल्फिन सुरुवातीला अवघड का जाई, ते टेबलाशी बसून कळले.

वरचे आकाश सगळे मोकळे, पाठीशी पेट्रोल, तोंडाशी बंदुका, बाजूला ऊब, आणि डोक्यावर काहीच नाही. वेलिणकरांविषयी नोंदींतून जे कळते ते दोन-तीन तारखांपुरते आहे. पण ते बसत त्या जागेविषयी एवढे तरी आता मी खात्रीने सांगू शकतो.

लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये मूळ भाग वापरून पुन्हा उभे केलेले एक डॉल्फिन आहे. कोणाचे तिकडे जाणे झाले तर त्याच्या बाजूने न पाहता शक्य तितके समोरून आणि खालून वर पाहावे. ती उघडी चौकट लगेच नजरेत येईल.

ज्यांना हे काम करून पाहावेसे वाटेल त्यांना माझे सांगणे दोनच गोष्टींचे. पहिली, नकाशा हाती आला की उभे माप आणि आडवे माप दोन्ही तपासा. दुसरी, माणूस शेवटी करू नका. आसनावर बसलेली मूर्ती सगळ्यांत आधी करा, आणि विमान तिच्याभोवती बांधा. मी मात्र ते विमान बांधून झाल्यावर शिकलो.